खासगी विद्यापीठ की सरकारी? प्रवेश घेण्याआधी या चुका टाळा

बारावीचा निकाल लागला की सोलापूर, बार्शी, पंढरपूरच्या घरोघरी पुण्याकडच्या खासगी विद्यापीठांचे फोन सुरू होतात. 'आजच सीट बुक करा, सवलत मिळेल' असं ऐकून घरचे पैसे भरून मोकळे होतात. हिशेब नंतर होतो, आणि तीच सर्वांत महागात पडणारी चूक.

राज्य सरकारच्या 8 जुलै 2024 च्या निर्णयानुसार, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांपर्यंत असलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. मात्र प्रवेश कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून हवा, आणि खासगी अभिमत (डीम्ड) व स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं या सवलतीतून वगळलेली आहेत. इथेच अनेक घरं फसतात. सोलापूर विद्यापीठाशी संलग्न असलेलं खासगी इंजिनिअरिंग कॉलेज या योजनेत बसतं, खासगी विद्यापीठ बसत नाही. कॉलेज तेच, पण जागा व्यवस्थापन कोट्यातली असेल तरीही माफी नाही. दोन्हीकडे 'खासगी'च लिहिलेलं असतं, म्हणून आईवडील विचारतच नाहीत.

खासगी विद्यापीठ स्वतःची शिष्यवृत्ती देत असेल तर ती पहिल्याच वर्षापुरती आहे का, पुढे किती गुण राखावे लागतील, हे लेखी घ्या. मग होस्टेल, मेस, परीक्षा फी धरून चारही वर्षांची बेरीज मांडा. पहिल्या वर्षाच्या आकड्यावर निर्णय घेऊ नका.

दुसरी चूक म्हणजे विद्यापीठाचं नाव बघून कॉलेज गृहीत धरणं. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा पसारा पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक अशा तीन जिल्ह्यांत आहे. शिवाजी विद्यापीठातून वेगळं होऊन 2004 मध्ये सुरू झालेलं आपलं पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ एका जिल्ह्यापुरतं. पदवीवर नाव विद्यापीठाचं येतं, पण तीन-चार वर्षं मूल बसणार असतं ते संलग्न कॉलेजच्या वर्गात. विद्यापीठाचा नॅक दर्जा (गुणवत्ता तपासणाऱ्या राष्ट्रीय संस्थेने दिलेली श्रेणी) कॉलेजला आपोआप लागू होत नाही. कॉलेजचा वेगळा बघा, आणि त्याची मुदत संपली नाही ना, तेही.

खासगी विद्यापीठाचा अभ्यासक्रम, परीक्षा, निकाल सगळं एकाच आवारात होतं. वर्ग खरोखर लहान असतील आणि शिक्षक नावानिशी ओळखत असतील, तर बुजऱ्या मुलाला त्याचा मोठा फायदा होतो, हे मी मनापासून मानतो. मात्र एकूण प्राध्यापक किती, हा आकडा कामाचा नाही. तुमच्या मुलाच्या विभागात कायमस्वरूपी किती आहेत ते विचारा, आणि तिथल्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांशी एकट्याने बोला. प्लेसमेंटबद्दलही तसंच: सर्वांत मोठं पॅकेज नको, त्या शाखेतल्या किती मुलांना नोकरी लागली ते सांगा म्हणावं.

मान्यता तपासायला पाच मिनिटं लागतात. विद्यापीठ यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या यादीत हवं. फार्मसीसाठी फार्मसी कौन्सिलची आणि लॉसाठी बार कौन्सिलची मान्यता त्या अभ्यासक्रमाला स्वतंत्रपणे हवी.

पैसे भरून झाले आणि आता कॅपमध्ये चांगली जागा लागली, तर? प्रवेश रद्द करत असल्याचा अर्ज लगेच लेखी द्या, पोच घ्या. यूजीसीच्या 2018 च्या अधिसूचनेनुसार, प्रवेशाच्या जाहीर शेवटच्या तारखेच्या किमान 15 दिवस आधी माघार घेतली तर पूर्ण फी परत मिळते. प्रक्रिया शुल्क म्हणून जास्तीत जास्त 5 टक्के, तेही 5,000 रुपयांच्या आतच, कापता येतं. ती तारीख उलटून महिना झाला की काहीच मिळत नाही. काही वर्षी यूजीसीने यापेक्षा जास्त मुदत दिली आहे, म्हणून चालू वर्षाचं परिपत्रक बघा. ओरिजिनल मार्कशीट किंवा टीसी अडवून ठेवण्याचा अधिकार संस्थेला नाही. अडवलीच, तर यूजीसीच्या ई-समाधान पोर्टलवर पोचपावतीसह तक्रार नोंदवा.