गांजाची जुनी सवय सोडताना पहिले पंधरा दिवस कसे काढावेत

वर्षानुवर्षं रोज गांजा ओढणारा माणूस बंद करायचं ठरवतो आणि बऱ्याचदा तिसऱ्या-चौथ्या रात्री पुन्हा पुडी शोधतो. घरचे म्हणतात, मनच खंबीर नाही. खरं कारण वेगळं असतं. झोप येत नाही, घाम सुटतो, पोटात कालवतं, आणि हे किती दिवस चालणार ते त्याला कुणी सांगितलेलं नसतं. ते आधी सांगते.

बंद केल्यावर एक-दोन दिवसांत त्रास सुरू होतो. पहिल्या आठवड्यात तो सगळ्यात जास्त असतो, दोन आठवड्यांत बराच ओसरतो. झोप मात्र नीट लागायला महिनाभर किंवा त्याहून जास्त वेळ जाऊ शकतो. चिडचिड होते, भूक मरते, आणि स्वप्नं इतकी लख्ख पडतात की माणूस दचकून उठतो. गांजाने दाबून ठेवलेली स्वप्नं उसळून वर येतात, एवढंच. डोकं बिघडलेलं नसतं. हा त्रास सहसा जिवावर बेतत नाही. पण सोबत रोजची दारू किंवा झोपेच्या गोळ्याही चालू असतील, तर त्या एकदम तोडू नका. फिट येऊ शकते. तेव्हा आधी डॉक्टर, मग बाकी सगळं.

पहिलं काम तारखेचं. येत्या आठ-दहा दिवसांतली तारीख धरा. गावच्या यात्रेचा किंवा मित्राच्या लग्नाचा आठवडा नको. सकाळी उठल्यापासून ओढायची सवय असेल, तर तोवर पहिली वेळ रोज तासाभराने पुढे ढकलत न्या. बाकीच्यांनी ठरल्या दिवशी सरळ बंद करावं. ‘फक्त रविवारी’ हा करार जुन्या सवयीपुढे टिकत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. गांजाऐवजी भांग हाही मार्ग नाही. नशा त्याच टीएचसीची, म्हणजे गांजातल्या नशा आणणाऱ्या द्रव्याची असते.

आदल्या रात्री चिलीम, पेपर, क्रशर, उरलेला माल सगळं टाकून द्या. अडीअडचणीला म्हणून एखादी पुडी कपाटात ठेवू नका. माल देणाऱ्याचा नंबर फोनमधून काढा.

आता हातांबद्दल. तळहातावर घेऊन बिया निवडायच्या, अंगठ्याने चुरायचं, सिगारेट बोटांत फिरवत तंबाखू सांडायची, थोडी परत मिसळायची आणि भरायचं. हे सगळं हातांच्या अंगवळणी पडलेलं असतं. त्या वेळेला हातांना दुसरं काम द्या. शेंगा सोला, लसूण निवडा, गाडी पुसा. आणि त्या तंबाखूकडे दुर्लक्ष करू नका. आपल्याकडे गांजा बहुतेक वेळा तंबाखूत मिसळूनच ओढतात, त्यामुळे निम्मी तलफ निकोटिनची असू शकते. जमलं तर दोन्ही एकदम सोडा. पेटती सिगारेट हातात राहिली, की पुढची पायरी फार जवळ असते. निकोटिनचं च्युइंगम मिळतं, डॉक्टरांना विचारून घ्या.

सगळ्यात अवघड वेळ संध्याकाळची. काम सुटतं आणि साताऱ्यातल्या पोराची बाईक सवयीने यवतेश्वरच्या घाटाकडे वळते. म्हणून संध्याकाळ आधीच बांधून ठेवा. बरोबर कुणाला तरी घेऊन टेकडीवरच्या ‘चार भिंती’ स्मारकापर्यंत चढा, ताकद असेल तर पुढे अजिंक्यतारा किल्ल्यावर. घाम निघाला की रात्रीही बरी जाते. तलफ लाटेसारखी येते आणि साधारण अर्ध्या तासात उतरते. तेवढा वेळ पाय चालते ठेवा. पोवई नाक्यावर जुनी मंडळी भेटली तर एकच वाक्य बोला: ‘मी बंद केलंय, माझ्यासमोर भरू नका.’ जो ऐकणार नाही, त्याच्याकडे महिनाभर जाऊ नका.

झोपेसाठी दुपारी चारनंतर चहा बंद. दिवसा आडवं व्हायचं नाही. झोप लागो न लागो, सकाळी ठरल्या वेळेलाच उठायचं. उशाशी कोरडा टी-शर्ट आणि पाणी ठेवा, कारण पहाटे तीनला घामाने भिजून जाग येते तेव्हा अंधारात कपाट उघडून चाचपडत बसलं की झोप पुरती जाते. मेडिकलमधून मनाने झोपेच्या गोळ्या घेऊ नका. झोपेसाठी दारूचा आधार तर अजिबात नको. भाकरी घशाखाली उतरत नसेल तर ताकभात, मऊ खिचडी, केळं असं थोडं थोडं खा.

घरच्यांना एक विनंती. पहिल्या आठवड्यातलं तोडून बोलणं मनाला लावून घेऊ नका, दर तासाला खिसेही तपासू नका. माळ घातल्यावर व्यसन सुटलेली माणसं आपल्या गावागावांत आहेत. तो आधार वाटत असेल तर जरूर घ्या, पण झोपेची आणि संध्याकाळची सोय तरीही करावी लागते. न सांगता चहात टाकायच्या औषधांच्या जाहिरातींपासून मात्र दूर राहा. गांजा सोडवणारी खास गोळी आजवर निघालेली नाही. मुख्य उपचार समुपदेशनाचा आहे.

मध्येच एखादा झुरका मारला गेला, तर ‘आता संपलं सगळं’ म्हणत आठवडाभर ओढत बसू नका. कुठे, कुणाबरोबर, किती वाजता झालं ते लिहा आणि त्या वेळेची सोय बदला.

कानात आवाज येणं, कुणीतरी पाळतीवर आहे असं वाटणं, जीव द्यावासा वाटणं, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ गाठा. साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील जिल्हा रुग्णालय आहे, व्यसनमुक्तीचं काम करणारी ‘परिवर्तन’ संस्था आहे. सांगलीकडच्यांना मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जवळ पडतं. पोलिसांच्या भीतीने दवाखाना टाळू नका. 1985 च्या अमली पदार्थ कायद्यातलं कलम 64अ, सेवन किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात अडकलेला व्यसनी स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेत असेल, तर त्याला खटल्यापासून संरक्षण देतं. उपचार पूर्ण करणं ही त्याची अट आहे.

घरबसल्या बोलायचं असेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा 14416 आणि व्यसनमुक्तीचा 14446 हे मोफत नंबर आहेत. फोन लावण्याआधी किती वर्षं ओढताय, दिवसातून किती वेळा, शेवटचं कधी ओढलं, सोबत दारू-गोळ्या काय चालू आहे, हे कागदावर लिहून समोर ठेवा.