ओपन सोर्स प्रोजेक्टमध्ये मुली-महिला याव्यात आणि टिकाव्यात म्हणून नक्की काय करायचं

ओपन सोर्स म्हणजे ज्याचा कोड कोणालाही बघता आणि बदलता येतो असं सॉफ्टवेअर. 2006 साली ग्नोम या ओपन सोर्स डेस्कटॉप प्रोजेक्टकडे गुगल समर ऑफ कोडसाठी (विद्यार्थ्यांना पैसे देऊन ओपन सोर्सचं काम करायला देणारा गुगलचा प्रोग्राम) 181 अर्ज आले आणि त्यात एकही अर्ज महिलेचा नव्हता. मग त्यांनी त्याच उन्हाळ्यात खास महिलांसाठी वेगळा छोटा प्रोग्राम जाहीर केला तर शंभराच्या आसपास अर्ज आले! म्हणजे कोड येणाऱ्या, इंटरेस्ट असलेल्या महिला आधीपासून होत्याच, फक्त "हे तुमच्यासाठी आहे" असं त्यांना सरळ कोणी सांगितलेलं नव्हतं. त्यामुळे "आमच्याकडे सगळ्यांना वेलकम आहे पण मुली येतच नाहीत, आता आम्ही काय करणार" असं कोणी म्हणालं की मी हेच उदाहरण देते. आणि हा प्रॉब्लेम जुना झालेला नाही, गिटहबने (असे प्रोजेक्ट जिथे ठेवले जातात ती वेबसाइट) 2017 मध्ये ओपन सोर्सवाल्यांचा जो सर्व्हे केला त्यात उत्तर देणाऱ्यांपैकी 95 टक्के पुरुष होते आणि महिला फक्त 3 टक्के.

पुढे जे लिहितेय ते मेंटेनर (प्रोजेक्ट सांभाळणारे), मीटअप घेणारे, कॉन्फरन्सच्या टीममधले अशा लोकांसाठी आहे. म्हणजे बऱ्याच वेळा पुरुषांसाठीच, कारण निर्णय त्यांच्या हातात असतात. ग्रुपमध्ये दोनच मुली असतील आणि "मुलींना आणायचं काम तुम्ही बघा" असं म्हणून ते त्यांच्याच गळ्यात टाकलं तर त्यांचा कोड लिहायचा वेळ त्यात जातो आणि वर्षभरात त्याही कंटाळून जातात. हे काम आधी स्वतःकडे घ्या.

बोलावायचं तर नाव घेऊन बोलवा

"कोणीही या" हे आमंत्रण कोणालाच नसतं. ज्याला आधीच वाटतंय की ही जागा आपली आहे तोच त्यावर येतो. त्याऐवजी असा मेसेज करा, "तू मागच्या आठवड्यात इन्स्टॉल गाइडमधली चूक दाखवली होतीस ना, तो भाग नीट करून पुल रिक्वेस्ट टाकशील का, रिव्ह्यू मी करेन". (पुल रिक्वेस्ट म्हणजे आपण केलेला बदल प्रोजेक्टमध्ये घ्या अशी विनंती.) यात काम ठरलेलं आहे, कोणाला विचारायचं ते ठरलेलं आहे, आणि तिचं काम कोणीतरी बघितलंय हेही तिला कळतं. अशा मुली शोधायला लांब जायला नको, बग रिपोर्ट करणाऱ्या, चॅटवर नवीन लोकांना उत्तरं देणाऱ्या, ट्रान्सलेशन करणाऱ्या, तुमचं सॉफ्टवेअर ऑफिसात रोज वापरणाऱ्या, यांच्यातच बघा. एकदा "नको" म्हणाली तर सहा महिन्यांनी एकदा परत विचारा, तेव्हा तिच्याकडे वेळ नसेल एवढंच असू शकतं. पण मागे लागू नका.

स्पीकरच्या बाबतीत तर हे फार स्पष्ट दिसतं. पायथन या प्रोग्रामिंग भाषेची अमेरिकेतली कॉन्फरन्स पायकॉन यूएस, तिथे 2011 ला महिला स्पीकर साधारण 1 टक्का होत्या आणि 2016 ला 40 टक्के. कॉन्फरन्सच्या टीममधल्या जेसिका मॅकेलर आणि त्यांच्याबरोबरच्या लोकांनी एकेकीला गाठून भाषणाचं प्रपोजल टाकायला सांगितलं, लिहायला मदत केली, त्याचा हा परिणाम. जेएसकॉन्फ ईयू या जावास्क्रिप्टच्या युरोपातल्या कॉन्फरन्सने 2012 मध्ये महिलांना स्वतःहून कळवून प्रपोजल मागवली आणि निवड करताना नावं झाकून ठेवली, तेव्हा जवळपास चौथा हिस्सा स्पीकर महिला होत्या. लक्षात घ्या, नुसती नावं झाकून काही होत नाही, आलेल्या प्रपोजलमध्येच महिला नसतील तर झाकणार काय? आधी बोलावणं, मग नावं झाकणं, हा क्रम सोडू नका.

पहिली पुल रिक्वेस्ट

माझ्या मते सगळ्यात जास्त गळती इथेच होते आणि सगळ्यात कमी लक्षही इथेच असतं. नवीन माणूस येतो, सेटअप चालत नाही, विचारलं तर कोणीतरी "डॉक्युमेंटेशन वाच" म्हणतं, संपलं. पुरुषही असे निघून जातात, मान्य, पण ग्रुपमध्ये आपल्यासारखं कोणीच दिसत नाही तेव्हा त्याच उत्तराचा अर्थ "आपलं इथे काम नाही" असा लागतो. म्हणून एखाद्या कोऱ्या मशीनवर स्वतः रीडमी (प्रोजेक्टची सुरुवातीची माहिती देणारी फाइल) बघून सेटअप करून बघा, जिथे अडाल तिथे लिहा. नवख्यांसाठी म्हणून जे इश्यू (नोंदवून ठेवलेल्या चुका आणि कामं) लेबल करता त्यात कोणती फाइल, टेस्ट कशी चालवायची, झालं म्हणजे नक्की काय झालं, आणि अडलं तर कोणाला टॅग करायचं हे चारही लिहा. आणि असे इश्यू मेंटेनरनी स्वतः रात्री बसून संपवू नका, ते मुद्दाम सोडून ठेवायचे असतात.

पुल रिक्वेस्ट आली की दोन दिवसात काहीतरी उत्तर द्या, पूर्ण रिव्ह्यू नाही जमला तरी "बघितली, रविवारपर्यंत नीट बघतो" एवढं तरी. स्पेस, कंस, नावांची स्टाइल असल्या गोष्टी टूलला तपासू द्या, म्हणजे रिव्ह्यूमध्ये माणसाला फक्त कामाचं बोलता येतं. "हे असं का केलंस" याऐवजी "इथे लिस्ट रिकामी आली तर एरर येईल, त्याची टेस्ट टाकशील का" असं लिहा. रिव्ह्यूचे नियम सगळ्यांना सारखेच आणि लिहिलेले हवेत, याला कारण आहे. गिटहबवरच्या पुल रिक्वेस्टचा एक मोठा अभ्यास 2017 मध्ये आला, त्यात एकूण बघता महिलांच्या पुल रिक्वेस्ट पुरुषांपेक्षा जास्त प्रमाणात मर्ज झाल्या होत्या, म्हणजे स्वीकारल्या गेल्या होत्या, पण प्रोजेक्टमध्ये नवीन असलेली व्यक्ती महिला आहे हे प्रोफाइलवरून कळत असेल तर हे प्रमाण खाली जायचं, पुरुषांपेक्षाही खाली. म्हणजे कामाची क्वालिटी चांगली होती, बघणाऱ्यांची नजर बदलत होती. हे आपल्याकडून मुद्दाम होत नसलं तरी होतं, म्हणून अंदाजावर सोडू नका.

समोरासमोर शिकवताना एकच पथ्य पाळा, कीबोर्ड तिच्या हातातून घेऊ नका. तुम्ही पटकन करून दिलं की काम होतं पण ती शिकत नाही, आणि दहा मिनिटं लागली तर लागू द्यात. तसंच मीटअपला आलेली मुलगी कोणाबरोबर तरी आली असेल, एचआरमधली असेल, डिझाइनच करत असेल असं धरून चालू नका, "तू कशावर काम करतेस" असं विचारा, जसं बाकीच्यांना विचारता.

कोणतं काम कोणाकडे जातं

डॉक्युमेंटेशन, ट्रान्सलेशन, इव्हेंट भरवणं, इश्यू लावून ठेवणं, हे सगळं खरं काम आहे आणि रिलीज नोट्समध्ये नावासकट यायला हवं. पण त्याचवेळी प्रत्येक मुलीला तिकडेच ढकललं जातंय का हेही बघा. मीटिंगचे मिनिट्स नेहमी एकच जण लिहीत असेल तर ते काम आळीपाळीने द्या. आणि कमिट अ‍ॅक्सेस (कमिट म्हणजे कोडमध्ये नोंदवलेला बदल, तो थेट करायचा हक्क) कसा मिळतो हे लिहून ठेवा, किती आणि कसलं काम झालं की नाव सुचवलं जातं, कोण ठरवतं. हे लिहिलेलं नसलं की अ‍ॅक्सेस मित्रांना मिळतो, आणि मित्र म्हणजे जे रात्री उशिरा चॅटवर असतात ते.

वागणुकीचे नियम

काँट्रिब्युटर कव्हनंट हा वागणुकीच्या नियमांचा तयार मसुदा 2014 पासून आहे, फुकट आहे, कॉपी करायला पाच मिनिटं लागतात आणि म्हणूनच खूप जण फाइल टाकून मोकळे होतात. फाइलने काही होत नाही. तक्रार कोणाकडे करायची त्या दोन माणसांची नावं हवीत, त्यातल्या एकाबद्दलच तक्रार असेल तर दुसरा हवा, किती दिवसात उत्तर मिळेल आणि काय काय कारवाई होऊ शकते हे लिहिलेलं हवं. पायथन सॉफ्टवेअर फाउंडेशनने 2012 मध्येच ठरवलं की कोड ऑफ कंडक्ट (असे वागणुकीचे नियम) नसलेल्या कॉन्फरन्सला पैसे द्यायचे नाहीत. छोट्या मीटअपनाही स्पॉन्सरकडे जाताना असे नियम असल्याचा फायदा होतो.

आणि चॅटवर कोणी घाणेरडा जोक टाकला तर जिच्यावर टाकला तिने बोलायची वाट बघू नका. दुसऱ्या कोणीतरी, शक्यतो जुन्या माणसाने, तिथेच लिहायचं, "हे इथे चालणार नाही, विषयावर या". पर्सनल मेसेज करून त्रास देणारा असेल तर सरळ ग्रुपबाहेर. तो कितीही भारी कोडर असला तरी, कारण त्याचे कमिट मोजता येतात पण त्याच्यामुळे जे गुपचूप निघून गेले त्यांचे कमिट कधीच आले नाहीत, ते मोजणार कसे.

इव्हेंट

रात्री उशिरा संपणारा, फक्त दारूच्या जागी होणारा, परत जायला वाहन नसलेला मीटअप ठेवला तर मुली येणार नाहीत, इतकं साधं आहे. वेळ आणि पत्ता लवकर जाहीर करा, संपायची वेळही लिहा आणि पाळा. मोठी कॉन्फरन्स असेल तर मुलं सांभाळायची सोय, तिकीट आणि प्रवासाला मदत, फोटो नको असणाऱ्यांसाठी वेगळ्या रंगाची बॅजची दोरी, आणि टी-शर्ट सगळ्या मापांचे, महिलांच्या कटचेही. गप्पांच्या घोळक्यात पॅकमॅन रूल वापरा, एरिक होल्शर यांनी सुचवलेला, गोल करून उभं राहताना एका माणसाची जागा नेहमी मोकळी ठेवायची म्हणजे नवीन कोणीही येऊन उभं राहू शकतं. आणि एकुलत्या एका महिला स्पीकरला "टेकमधल्या महिला" या पॅनेलवर बसवू नका, तिला डेटाबेसवर बोलायचं असेल तर डेटाबेसवर बोलू द्या.

अगदी नवख्यांसाठी वर्कशॉप घ्यायचं असेल तर जँगो गर्ल्स या महिलांना प्रोग्रामिंग शिकवणाऱ्या संस्थेचं ट्युटोरियल आणि वर्कशॉप कसं घ्यायचं याची गाइड दोन्ही ओपन आहेत. त्यांचं पहिलं वर्कशॉप 2014 मध्ये बर्लिनला युरोपायथन कॉन्फरन्सच्या वेळी झालं, छोटे ग्रुप आणि प्रत्येक ग्रुपला एक कोच अशी पद्धत, ती तशीच ठेवा. वर्कशॉप संपताना पुढच्या मीटअपची तारीख आणि प्रत्येकीसाठी एक इश्यू तयार हवा, नाहीतर तो एक दिवस छान जातो आणि पुढे काहीच होत नाही.

वेळ आणि पैसे

ओपन सोर्स बहुतेक वेळा ऑफिसनंतरच्या रिकाम्या वेळात होतं, आणि घरचं बघून ज्यांच्याकडे तसा वेळच उरत नाही त्यात महिला जास्त असतात. म्हणून पेड काम फार महत्त्वाचं. ग्नोमचा महिलांसाठीचा तोच प्रोग्राम 2010 मध्ये परत सुरू झाला आणि पुढे त्याचा आउटरीची झाला, आता तो महिलांबरोबर इतरही मागे राहिलेल्या गटांसाठी आहे, तीन महिन्यांची घरून करायची इंटर्नशिप आणि 7000 डॉलर स्टायपेंड. तुमचा प्रोजेक्ट त्यात मेंटर देऊ शकतो. तेवढं नाही जमलं तर निदान ऑनलाइन मीटिंगच्या वेळा आलटून पालटून ठेवा आणि महत्त्वाचे निर्णय मीटिंगमध्ये नाही तर लेखी घ्या, म्हणजे जिला त्या वेळी जमलं नाही तीही दोन दिवसात मत देऊ शकेल.

गेलेल्यांना विचारा

दर सहा महिन्यांनी कमिट आणि इश्यूची लिस्ट काढा आणि एक-दोनदा येऊन गायब झालेल्या लोकांची नावं बघा. त्यांना छोटा मेसेज करा, "तुझं काम आवडलं होतं, कुठे अडलं असेल तर सांगशील का, नाही सांगितलंस तरी चालेल". उत्तर आलं तर स्वतःची बाजू मांडत बसू नका, थँक्यू म्हणा, सुधारण्यासारखा मुद्दा तिचं नाव न घालता इश्यू म्हणून उघडा आणि तो बंद झाला की तिला कळवा. आणि त्रास दिल्याची गोष्ट निघाली तर ती इश्यूत नको, तक्रार घेणाऱ्या त्या दोघांकडे, तेही तिला विचारून.