फिकट पडलेल्या लेदर सीट: रंग लावण्याआधीची तयारी

रंगाची बाटली मागवण्याआधी सीट नीट साफ करून बघा. बेज किंवा फिकट करड्या सीटचा रंग उडाला असं वाटतं, तेव्हा पुष्कळदा तो फक्त मळलेला असतो. घाम, डोक्याचं तेल, धूळ आणि नव्या जीन्सचा निळा रंग वर्षानुवर्षं थरावर थर बसतो. पांढरं मायक्रोफायबर कापड घ्या, लेदर क्लीनर आणि मऊ ब्रशने वीतभर जागा साफ करा आणि कापड बघा. त्यावर काळपट तपकिरी मळ आला आणि खाली मूळ रंग दिसला, तर काम सफाईवरच भागेल. कापडावर सीटचाच रंग उतरला, तर वरचा पारदर्शक थर गेलेला आहे आणि रंगकाम करावं लागणार.

नुकसान कुठे आहे तेही बघून ठेवा. आपल्याकडे चालक उजव्या दारातून चढतो, त्यामुळे त्याच्या सीटची दाराकडची फुगीर कड सगळ्यात आधी झिजते. तिथला रंग घासून गेलेला असतो आणि खाली बारीक भेगाही असतात, म्हणून तिथे फिलर, म्हणजे भेगा भरायची लवचिक पेस्ट, लागतो. हेडरेस्ट आणि मागच्या सीटच्या पाठीची वरची कड यांचा रंग उन्हाने उडतो. पृष्ठभाग अखंड असेल तर तिथे नुसता रंग पुरतो.

मग सीट खरंच लेदरची आहे का हे ठरवा. बऱ्याच गाड्यांमध्ये बसायचा भाग लेदरचा असतो, पण बाजू आणि पाठीमागचा भाग रेक्झिनचा असतो. सीटखाली किंवा चेन असेल तिथे कव्हरची उलटी बाजू दिसते. ती तंतुमय, साबरासारखी असेल तर लेदर. विणलेलं कापड दिसलं तर रेक्झिन. रेक्झिनचं वरचं आवरण पोपड्यांनी सुटत असेल तर त्यावर रंग लावू नका, तो पोपड्यांसकट निघेल. तिथे कव्हर बदलणंच योग्य. लेदरवर पाण्याचा थेंब टाका. थेंब तसाच राहिला तर वर रंगाचा थर शाबूत आहे. लगेच मुरून डाग गडद झाला तर एक तर थर झिजलाय, नाही तर लेदर अ‍ॅनिलाइन प्रकारचं, म्हणजे वर रंगाचा जाड थर नसलेलं, आहे. न झिजलेल्या जागीही थेंब मुरत असेल तर अ‍ॅनिलाइन समजा. त्याला नेहमीचा, वर थर बसवणारा पिगमेंट रंग लावला की त्याचा मूळ पोत झाकला जातो, म्हणून ते काम जाणकाराकडे द्या.

सामान आधी जमवा, कारण अर्ध्या कामात दुकानात पळालात तर साफ केलेली सीट पुन्हा धुळीत राहते. पुढच्या दोन सीटना त्याच रंगाचा हात द्यायचा असेल तर साधारण 250 मिली पाण्यावर आधारित लेदर रंग पुरतो. पाच सीटच्या पूर्ण गाडीला 750 मिली ते 1 लिटर धरा. गडदवरून फिकट रंगावर जायचं असेल तर आणखी लागेल. याशिवाय टॉपकोट (रंगावर शेवटी द्यायचा पारदर्शक संरक्षक थर), लवचिक लेदर फिलर, लेदर क्लीनर, तेलकटपणा काढायचं प्रेप द्रावण किंवा 70 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, 600 आणि 1000 नंबरचे वॉटर पेपर (बारीक पॉलिश कागद), बारीक छिद्रांचे स्पंज, डझनभर पांढरी मायक्रोफायबर कापडं, मास्किंग टेप, प्लास्टिक शीट, नायट्राइल हातमोजे आणि हेअर ड्रायर. अल्कोहोल वापरताना सगळी दारं उघडी हवीत आणि आसपास विडी, सिगारेट किंवा ज्योत नको. बुटाचं पॉलिश यादीत नको. त्यातल्या मेणावर रंग धरत नाही आणि ते कपड्यांना लागतं. खोबरेल, बेकिंग सोडा, थिनर हेही नको. लेदर मुळात आम्लधर्मी असतं, सोड्यासारखा अल्कधर्मी पदार्थ त्याला कोरडं आणि ठिसूळ करतो. थिनर तर शाबूत थरही विरघळवतो.

जागा सावलीची, बंद पण हवेशीर आणि धूळ न उडणारी हवी. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत सीट इतकी तापते की रंग वरून सुकतो आणि खाली पकड घेत नाही. पावसाळ्यात, विशेषतः कोकण आणि गोव्याच्या दमट हवेत, उलट होतं: दोन हातांच्या मधला थर सुकतच नाही आणि चिकट राहतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा या कामाचा सर्वात चांगला काळ. बुरशी आली असेल तर ती आधी पूर्ण काढा आणि सीट किमान दोन दिवस वाळू द्या.

हेडरेस्ट काढा, सीट पुढे-मागे सरकवून बाजू मोकळ्या करा. सीट बाहेर काढायचीच असेल तर सांभाळून. सीटखालची पिवळी जोडणी एअरबॅगची असते. गाडी बंद करा, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा, दहा मिनिटं थांबा आणि मगच तिला हात लावा. सीटच्या बाजूला एअरबॅगची खूण असेल तर त्या शिवणीत फिलर भरू नका. अपघातात ती शिवण फाटूनच एअरबॅग बाहेर येते. पुढच्या प्रवासी सीटमध्ये कुणी बसलंय का हे ओळखणारा सेन्सर असू शकतो, म्हणून क्लीनर कापडावर घ्या, सीटवर ओतू नका. हवा खेळण्यासाठी छिद्रं असलेल्या सीटवर रंग जवळजवळ कोरड्या स्पंजने लावायचा, नाही तर छिद्रं बुजतात. वेगळ्या रंगाचा दोरा असेल तर तो टेपने झाका.

खरा वेळ तेल काढण्यावर खर्च करा. रंग सोलून निघण्याची तक्रार आली की बहुधा खाली तेल किंवा सिलिकॉन राहिलेलं असतं. डॅशबोर्ड चमकवायच्या स्प्रेमधलं सिलिकॉन सीटवर उडालेलं असेल तर ओला रंग तिथून मागे सरकतो आणि बारीक गोल खळगे पडतात. हेडरेस्ट आणि डोकं टेकतं तो भाग यासाठी बदनाम आहे. क्लीनरने दोनदा धुवा, सुकू द्या, मग प्रेप द्रावणाने पुसा. कापडाची बाजू दर हाताएवढ्या जागेनंतर बदला, नाही तर तेच तेल पुढे पसरतं. पांढरं कापड स्वच्छ येईपर्यंत हे थांबवायचं नाही. अल्कोहोल एकाच जागी घासत राहू नका, मूळ रंग विरघळतो.

यानंतर 600 चा कागद हलक्या हाताने फिरवा. उद्देश चकाकी घालवण्याचा आहे, लेदर कापण्याचा नाही. भेगांच्या उभ्या राहिलेल्या कडा बसल्या पाहिजेत. फिलर कागदाएवढ्या पातळ थरांत, दोन-तीन वेळा, प्रत्येक थर सुकवून. जाड थर बसला की माणूस बसताच तडकतो. शेवटी 1000 ने गुळगुळीत करा आणि भुकटी पुन्हा प्रेपने पुसा. आता तिथे उघडा हात टेकवू नका, घामाचं तेल परत लागतं.

रंग जुळवताना हेडरेस्टच्या खाली किंवा सीटच्या फटीत मूळ छटा शोधा. एकच सीट करायची असेल तर मात्र शेजारच्या सीटची आजची छटा धरा, नाही तर दोन्ही वेगळ्या दिसतील. ओल्या रंगाकडे बघून निर्णय घेऊ नका. हा रंग ओला असताना दुधाळ दिसतो आणि सुकल्यावर गडद होतो. सावलीत, दिवसाच्या उजेडात बघा, दिव्याखाली बेज पिवळा भासतो.

चाचणी सीटच्या मागच्या खालच्या कोपऱ्यात करा. तळहाताएवढ्या जागेवर रंगाचे तीन पातळ हात आणि वर टॉपकोट, मध्ये हेअर ड्रायरने सुकवून. हार्डनर (रंग किंवा टॉपकोट घट्ट करणारं द्रावण) लागत असेल तर बाटलीवरच्या प्रमाणात, लागेल तेवढाच मिसळा. मिसळलेलं द्रावण काही तासांत निकामी होतं. एक दिवस थांबा. ओलसर पांढरं कापड वीस वेळा घासा, मग मास्किंग टेप दाबून चिकटवा आणि झटक्याने ओढा. टेपवर रंगाचे तुकडे आले तर तेल काढण्याची पायरी पुन्हा करा, रंगाचा आणखी हात देऊ नका. नुसती छटा कापडाला लागली तर टॉपकोट पातळ पडलाय किंवा अजून पूर्ण घट्ट झालेला नाही. आणखी दोन दिवस देऊन परत घासा. टेप स्वच्छ निघाली तरच पूर्ण सीट घ्या, आणि काम संपल्यावर गाडी 24 तास कुणी बसणार नाही अशी मोकळी ठेवा. कंडिशनर किंवा पाणी लावायला पूर्ण आठवडा थांबायचं.