जपानमधे पहिल्यांदा स्कीइंग: रिसॉर्ट बुक करायच्या आधीची तयारी

सगळ्यात आधी निसेकोचे (जपानच्या उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावरचं प्रसिद्ध स्की रिसॉर्ट) रील्स बघणं थांबवा. निसेको भारीच आहे, वाद नाही, पण त्या रीलमधला माणूस कमरेएवढ्या भुसभुशीत बर्फातनं उडत येतो आणि आपल्याला अजून स्कीचे बूट घालून धड उभं राहता येत नाहीये. ज्या पावडर स्नोसाठी ऑस्ट्रेलियातनं लोक होक्काइदोला येतात तो नवशिक्याच्या काही कामाचा नाही, उलट त्यात स्की रुततात, वळता येत नाही, आणि पडलं की उठताना हाताखाली काही टणक लागतच नाही. आपल्याला पाहिजे मशीनने दाबून सपाट केलेला, रुंद, कंटाळवाणा उतार. त्यामुळे डोंगर किती उंच, कोर्स (म्हणजे स्की करत उतरायच्या आखलेल्या वाटा) किती, बर्फ किती मीटर पडतो हे सगळं बाजूला ठेवा आणि पहिले दोन तास आपण नक्की कुठे काढणार आहोत एवढंच बघा. रिसॉर्ट त्याच्यावरच ठरवावं हे माझं पक्कं मत.

ते कळायला रिसॉर्टचा कोर्स मॅप उघडा. जपानमधे हिरवा म्हणजे सोपा, लाल म्हणजे मधला आणि काळा म्हणजे अवघड, आणि बऱ्याच ठिकाणी प्रत्येक कोर्सचा सरासरी आणि जास्तीत जास्त उतार अंशांमधे दिलेला असतो. सरासरी ६ ते ८ अंश असेल तर निवांत शिकता येतं, १० पर्यंत ठीक, त्याच्या पुढे पहिल्या दिवशी पोटात गोळा येतो. पण नुसत्या हिरव्या रंगावर जाऊ नका, कारण कित्येक हिरव्या रेघा म्हणजे डोंगराच्या कडेकडेने खाली येणारा अरुंद रस्ता असतो, उतार कमीच पण एका बाजूला दरी आणि मागनं सुसाट येणारी पोरं, तिथे पिझ्झा करून थांबायलासुद्धा जागा पुरत नाही (स्कीची पुढची टोकं जवळ आणि मागची लांब ठेवून ब्रेक मारायचा, त्याला सगळे पिझ्झाच म्हणतात). नवशिक्यांची जागा मैदानासारखी पसरट पाहिजे आणि वर जायला शक्यतो सरकता पट्टा पाहिजे, म्हणजे पहिल्याच तासाला चेअरलिफ्टवर चढा-उतरायची धांदल नको. अजून एक तपासा, ही जागा पायथ्याशी आहे की वर? वर असेल तर परत येताना गोंडोलात (बंद केबिनच्या रोपवेत) बसून खाली येता येतं ना हे बघून ठेवा.

आता ठिकाणं. टोकियोत उतरणार असाल आणि स्की आवडतंय का एवढंच बघायचं असेल तर गाला युझावा. शिन्कान्सेनचं (बुलेट ट्रेनचं) स्टेशन आणि स्की सेंटर एकाच बिल्डिंगमधे, टोकियोहून साधारण सव्वा तास, आणि हे स्टेशन फक्त सीझनलाच चालू असतं. गाडी गुन्मामधे असेपर्यंत बाहेर कोरडं स्वच्छ ऊन असतं, मग २२ किलोमीटरचा दाइशिमिझू बोगदा लागतो आणि पलीकडे नीगाता, घरांच्या छपरांवर माणूसभर बर्फ. सैबेरियाकडनं येणारा गार वारा जपानच्या समुद्रावरनं बाष्प उचलतो आणि ते सगळं डोंगराच्या त्याच बाजूला टाकून मोकळा होतो, म्हणून टोकियो कोरडं. गालाला कपडे, बूट, स्की सगळं भाड्याने तिथेच, मग गोंडोलाने वर, शिकायची जागा वरच आहे आणि परत यायलाही गोंडोला. टोकियोतल्या निशिकासाईला राहणारी आपली मंडळीही सकाळी जाऊन रात्री जेवायला घरी येऊ शकतात इतकं सोपं. तोटा एकच, हे सगळ्यांनाच माहितीये, त्यामुळे शनिवार-रविवारी भाड्याच्या काउंटरपासून गोंडोलापर्यंत नुसत्या रांगा. मधल्या वारी जा.

कारुइझावा अजून सोपं, टोकियोहून साधारण तेवढंच लांब, स्टेशनला लागूनच स्लोप, समोर आसामा ज्वालामुखी. बर्फ बराचसा मशीनचा, त्यामुळे झाडांवर बर्फ लगडलेला फोटो मिळेलच असं नाही, पण ऊन भरपूर आणि ज्यांना स्की करायचं नाही त्यांच्यासाठी शेजारीच मोठं आउटलेट मॉल. या दोन्ही ठिकाणांना जेआर ईस्ट या रेल्वे कंपनीचा टोकियो वाइड पास चालतो. नागानोकडच्या हाकुबा या स्कीच्या खोऱ्याला मात्र तो चालत नाही, कारण तो नागानोच्या अलीकडे साकुदाइरालाच संपतो, हे हॉटेल बुक करायच्या आधी कळलेलं बरं.

तीन-चार दिवस असतील तर मी सरळ हाकुबा म्हणेन. १९९८ च्या नागानो ऑलिंपिकची डाउनहिल रेस तिथल्या हाप्पो-ओनेला झाली होती, त्या बाजूला आपण पहिल्या दिवशी फिरकायचं नाही. आपण त्याच खोऱ्यातल्या त्सुगाइकेला जायचं, तिथला खालचा उतार इतका रुंद आणि सौम्य आहे की शेजारच्याला धडकायला प्रयत्न करावा लागेल. नोझावा ओनसेन गाव म्हणून मला सगळ्यात जास्त आवडतं, १३ सार्वजनिक गरम पाण्याची कुंडं, दिवसभर आपटून घेतल्यावर अजून काय पाहिजे, फक्त आत काहीही न घालता जायचं असतं ही मनाची तयारी घरूनच करा. निसेको तेव्हाच जेव्हा हातात आठवडा आणि खिशात पैसे दोन्ही असतील, कारण शिन-चितोसे विमानतळावरनं बसनेच अडीच-तीन तास जातात. मात्र तिथे इंग्रजीत स्की शिकवणारे भरपूर मिळतात आणि लहान मुलं असतील तर हा मुद्दा खरंच मोठा आहे.

तिकिटाच्या आधी लेसन बुक करा, हॉटेलच्याही आधी. इंग्रजी बोलणारा इन्स्ट्रक्टर नाताळ ते न्यू इयर आणि चिनी नववर्षाच्या आसपास मिळणं अवघड होतं. लेसनमधे लिफ्टचं तिकीट धरलंय का, मुलांना कितव्या वर्षापासून घेतात, भेटायची जागा खाली की गोंडोलाच्या वर, हे तीन प्रश्न मेलवर विचारून ठेवा. आणि नवऱ्याकडून, बायकोकडून किंवा "अरे मी गुलमर्गला केलंय" वाल्या मित्राकडून शिकू नका, भांडणं होतात. पूर्ण डोंगराचा पासही घेऊ नका, पहिल्या दिवशी एक-दोन लिफ्टच वापरल्या जातात, अर्ध्या दिवसाचं किंवा नुसतं बिगिनर एरियाचं तिकीट आहे का बघा.

तारखा म्हणाल तर जानेवारीचा मध्य ते मार्चची सुरुवात. जपानच्या सुट्ट्या टाळा, म्हणजे जानेवारीतला दुसरा सोमवार आणि ११ व २३ फेब्रुवारी. मार्चमधे बर्फ जरा ओला होतो पण थंडी कमी, गर्दी कमी, ऊन छान, नवशिक्याला उलट बरंच.

कपडे विकत घेत बसू नका, जॅकेट-पँट भाड्याने मिळतात. ग्लोव्ह्ज, गॉगल, टोपी मात्र बऱ्याच ठिकाणी भाड्याने नसतात, ते आणा, आणि ग्लोव्ह्ज वॉटरप्रूफच, लोकरीचे हातमोजे तासाभरात ओलेगच्च. हेल्मेट भाड्याने घ्याच, भाव करू नका. बूट साइज सेंटिमीटरमधे सांगायची असते, पायाची लांबी घरी मोजून ठेवा, आणि पाय फार मोठा असेल तर साइज आहे का ते आधी मेलवर विचारा. बुटात एकच लांब मोजा घालायचा, थंडी वाजेल म्हणून दोन घातले की रक्त अडतं आणि पाय जास्तच गार पडतात, शिवाय आतल्या लेगिंगची घडी बुटात अडकली तर नडगीवर वळ उठतो. बक्कल लावून गुडघे पुढे वाकवा, टाच वर उचलली गेली तर बूट मोठा आहे, लाजू नका, बदलून मागा.

शाकाहारी असाल तर स्लोपवरच्या कॅन्टीनवर विसंबू नका, करी राइसमधे मांस आणि साध्या दिसणाऱ्या सूपमधेही माशाचा दाशी (उकळून काढलेला अर्क) असतो. फ्रेंच फ्राइज मिळतील, बाकी ठेपले, भडंग, शेंगदाण्याची चिक्की बॅगेत. आईबाबा बरोबर असतील तर साइटसीइंगचं गोंडोला तिकीट आणि बर्फात खेळायची जागा आहे का बघा, गालाला दोन्ही आहे, किंवा सरळ यामागाता भागातलं झाओ रिसॉर्ट निवडा, तिथे बर्फाने राक्षसासारखी झालेली झाडं रोपवेनेच बघता येतात, फेब्रुवारीत बेस्ट.

ट्रॅव्हल इन्शुरन्समधे विंटर स्पोर्ट्स धरलंय का ते पॉलिसीत स्वतः वाचा, एजंटच्या "हो हो सगळं कव्हर आहे" वर जाऊ नका. कोर्सच्या हद्दीला लावलेल्या दोरीच्या पलीकडे जाऊन अडकलात तर सोडवायचा खर्च तुमच्याकडून घेतला जाऊ शकतो. मोठ्या बॅगा हॉटेलमधनं कुरिअरने पुढे पाठवा, जपानमधे ही सोय अफलातून आहे, पण एक दिवस आधी द्याव्या लागतात. आणि त्याच दिवशी परतणार असाल तर लिफ्ट साधारण चार-साडेचारला बंद होतात, मग सामान परत करायला सगळे एकदमच येतात, म्हणून परतीची शिन्कान्सेन सहाच्या नंतरचीच घ्या.