आरोपी ओळखीचा असताना खुनाच्या खटल्यात साक्ष: या चुका टाळा

खुनाच्या खटल्यात पंच, डॉक्टर, तपास अधिकारी यांच्या साक्षी बऱ्याच अंशी ठरलेल्या वाटेने जातात. ओढाताण होते ती आरोपीच्या ओळखीतल्या माणसाची. खोलीतला जोडीदार, शेजारचे काका, एकाच शिफ्टमधला सहकारी, मेहुणा. यांच्यापैकी कुणी खून होताना पाहिलेला नसतो. पण त्या संध्याकाळी आरोपी कुणाबरोबर होता, परत आला तेव्हा अंगावर कोणते कपडे होते, आठवडाभर आधी भांडण कशावरून झालं, हे त्यांनाच ठाऊक असतं. परिस्थितिजन्य पुराव्यावरचा खटला अशा दोन-चार माणसांवरच उभा असतो. आणि उलटतपासात अडचणीत येतात तेही हेच. खोटं बोलायचा हेतू फार थोड्यांचा असतो. ‘मला माहीत आहे’ आणि ‘मी पाहिलं’ यांची सरमिसळ मात्र बहुतेक जण करतात.

जबाब वाचून न घेणं

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८० खाली (पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १६१) पोलीस जो जबाब नोंदवतात तो स्वतः पुरावा नसतो. त्यावर साक्षीदाराची सहीही घ्यायची नसते. कोर्टात शपथेवर बोलाल तो पुरावा. हे कुणीतरी सांगितलेलं असतं, म्हणून लोक जबाब देताना हयगय करतात. पण बचाव पक्षाच्या वकिलांच्या हातात उद्या तोच कागद असतो. तुम्ही म्हणालेले असता, “तो जरा चिडल्यासारखा वाटला,” आणि कागदावर उतरतं, “सदर इसम अत्यंत संतप्त अवस्थेत होता.” दीड-दोन वर्षांनी या दोन वाक्यांमधलं अंतर तुमच्या माथी मारलं जातं. जबाब वाचून दाखवायला सांगा आणि तिथल्या तिथे दुरुस्त करून घ्या. घरी गेल्यावर काही आठवलं, तर तपास अधिकाऱ्याला भेटून पुरवणी जबाब द्या, आणि तोही लवकर द्या.

स्त्रिया, १५ वर्षांखालील मुलगे, ६० वर्षांवरील पुरुष, अपंग आणि गंभीर आजारी व्यक्तींना जबाबासाठी पोलीस ठाण्यात यायची सक्ती करता येत नाही, पोलिसांनाच त्यांच्या घरी जावं लागतं. मॅजिस्ट्रेटसमोरचा, त्याच संहितेच्या कलम १८३ खालचा जबाब वेगळा. तो शपथेवर असतो आणि त्यावर सही असते. त्यापासून मागे फिरणं फार जड जातं.

नंतर आठवलेलं पहिल्यापासून सांगितल्यासारखं बोलणं

सगळ्यात जास्त साक्षी इथे घसरतात, म्हणून जरा सविस्तर. सरतपासात सरकारी वकिलांच्या प्रश्नावर तुम्ही म्हणता, “तो दारात आला तेव्हा उजव्या बाहीवर डाग होते.” मग उलटतपास सुरू होतो.

“हे पोलिसांना सांगितलं होतं?”

“हो.”

“तुमच्या जबाबात ते लिहिलेलं नाही. त्याचं काही कारण सांगू शकता?”

इथे घाबरून लोक कारण बनवतात. पोलीस घाईत होते, लाईट गेली होती, हवालदार म्हणाले नंतर बघू. प्रत्येक बनवलेल्या कारणातून पुढचे दहा प्रश्न निघतात. खरंच सांगितलं असेल, तर उत्तर एवढंच: “मी सांगितलं होतं, का लिहिलं नाही ते मला सांगता येणार नाही.” सांगितलं नसेल, तर “नाही, तेव्हा सांगितलं नव्हतं.” या दुसऱ्या उत्तराची लोकांना विनाकारण भीती वाटते. जबाबात एखादी गोष्ट नसणं म्हणजे आपोआप विसंगती ठरत नाही. ती गोष्ट त्या संदर्भात महत्त्वाची होती का, हे कोर्ट बघतं. बाहीवरचे डाग महत्त्वाचे. शर्टाला खिसा एक होता की दोन, यावरून खटला उलटत नाही.

उलट प्रकारही होतो. जबाबातला एखादा तुकडा वाचून दाखवतात आणि तुम्ही असं सांगितलं होतं का, ते विचारतात. तो तुकडा पूर्ण ऐका, कळला नाही तर पुन्हा वाचायला सांगा. तुम्ही नाकारलात, तर त्या भागाला खूण केली जाते (‘पोर्शन मार्क ए’ वगैरे), आणि पुढे तपास अधिकाऱ्याला त्याबद्दल विचारलं जातं. म्हणून अडचणीचं वाटतंय एवढ्यावर नाकारू नका.

साक्षीआधी सरकारी वकिलांना भेटणं, घटनाक्रम आठवून घेणं यात गैर काही नाही. भेटलात का असं विचारलं, तर सरळ हो म्हणा. पढवणं ही वेगळी गोष्ट. २०२४ मध्ये मणिकंदन खटल्यात साक्षीच्या आदल्या दिवशी साक्षीदारांना पोलीस ठाण्यात बोलावून शिकवल्याचं बाहेर आलं, तेव्हा सुप्रीम कोर्टाने त्या साक्षी विचारातच घेतल्या नाहीत.

घड्याळाची वेळ छातीठोक सांगणं

मृत व्यक्ती आरोपीबरोबर शेवटची कधी दिसली, याला खुनाच्या खटल्यात मोठं वजन असतं. ते दिसणं आणि मृत्यू यांत एवढं थोडं अंतर हवं, की मध्ये तिसरं कुणी आलं असण्याची शक्यता उरू नये. म्हणजे तुमच्या अर्ध्या तासाने चित्र बदलू शकतं. “नऊ वाजून चाळीस मिनिटांनी” असं सांगणाऱ्याला पुढचा प्रश्न येतो, घड्याळ पाहिलं होतं का? मग मोबाईलचे सीडीआर (कॉलच्या नोंदी) येतात, सीसीटीव्ही येतो. वेळ कशावरून ठरवलीत ते सांगा: बायकोचा फोन येऊन गेला होता, दुसरी शिफ्ट सुटली होती, बातम्या लागल्या होत्या. अंदाज असेल, तर ‘अंदाजे’ हा शब्द तोंडातून निघू द्या.

आरोपी आधीपासून ओळखीचा असल्यावर ओळख परेडची (इतरांबरोबर उभा केलेल्या संशयिताला ओळखण्याची) गरज पडत नाही. तरी अंधारात, वीस-पंचवीस फुटांवरून तो कसा ओळखलात, हे विचारलं जाणारच. चालीवरून ओळखलंत, तर तसं सांगा, चेहरा दिसला म्हणू नका.

माणसाबद्दलचं मत देणं

“तो मुंगीही मारणार नाही” आणि “तो पहिल्यापासूनच तसला” ही दोन्ही वाक्यं पिंजऱ्याबाहेर ठेवा. आरोपीचं चांगलं चारित्र्य फौजदारी खटल्यात विचारात घेता येतं, पण ते पुढे आणायचं की नाही हे त्याचे वकील ठरवतील. वाईट चारित्र्य तर, बचाव पक्षाने आधी चांगल्याचा दाखला दिल्याशिवाय, संबद्धच नसतं. गल्लीत काय बोललं जातं तेही नको. जे ऐकल्याचं सांगायचं, ते तुम्ही स्वतः ऐकलेलं असावं लागतं.

शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १९८४ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने जवळच्या नातेवाइकांच्या आणि मैत्रिणीच्या साक्षींबद्दल जे म्हटलं, ते अशा प्रत्येक साक्षीदाराने ऐकावं असं आहे. मृत व्यक्तीवरच्या मायेमुळे संशयिताबद्दल मनात तिरस्कार तयार होतो, आणि माणूस नकळत, जाणूनबुजून नव्हे, वाढवून सांगतो; म्हणून असा पुरावा फार काळजीने तपासायला हवा. खालच्या कोर्टाने दिलेली आणि मुंबई हायकोर्टाने कायम केलेली फाशी त्या खटल्यात रद्द झाली आणि आरोपी सुटला. परिस्थितिजन्य पुराव्याचं ‘पंचशील’ (पाच कसोट्या) म्हणून वकील आजही उद्धृत करतात ते याच निकालातलं.

“त्याने माझ्याजवळ कबूल केलं”

पोलिसांजवळ दिलेली कबुली आरोपीविरुद्ध वापरता येत नाही, मित्राजवळ दिलेली येऊ शकते. पण हा पुरावा कच्चा मानला जातो. नेमके शब्द काय, तुमच्याजवळच का बोलला, तुम्ही ते कधी आणि कुणाला सांगितलं, हे सगळं बघतात. चूक होते ती सारांश सांगण्यात. “माझ्या हातून नको ते झालं” आणि “मी तिला मारलं” यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तो बोलला तेच शब्द सांगा, आठवत नसतील तर तसं सांगा. सहा महिने गप्प राहिला असाल, तर त्याचं खरं कारण सांगायची तयारी ठेवा. भीती वाटली, हेही कारण असतं.

नवरा-बायकोचं थोडं निराळं आहे. संसारात एकमेकांना खासगीत सांगितलेलं उघड करायला सहसा भाग पाडता येत नाही. पण त्याने रात्री कपडे धुतले, हे तिने पाहिलं असेल, तर ती डोळ्यांनी पाहिलेली कृती आहे. त्या कृतीला ते संरक्षण लागू नाही.

फोन साफ करणं

अटकेची बातमी आली की ओळखीतले लोक घाबरून चॅट उडवतात. पुरावा म्हणून वापरता येऊ नये यासाठी इलेक्ट्रॉनिक नोंद नष्ट करणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. नुसत्या स्क्रीनशॉटवरही विसंबू नका. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, आणि मूळ फोन हाताशी असला तर बरंच सोपं जातं. तो विकू नका, रीसेट करू नका.

समन्स टाळणं, आणि फितूर होणं

समन्स घेऊन गैरहजर राहिलात, तर वॉरंट निघतं आणि पाचशे रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. दंड क्षुल्लक, पण पोलिसाबरोबर कोर्टात जावं लागतं ते सगळा मोहल्ला बघतो. खरंच अडचण असेल, तर तारखेआधी सरकारी वकिलांना लेखी कळवा.

आरोपीच्या घरचे गोड बोलून येतात. “फक्त आठवत नाही एवढं म्हण.” तुम्ही फितूर झालात, म्हणजे आधीच्या जबाबावरून फिरलात, तरी सरकारी वकील कोर्टाच्या परवानगीने तुमचाच उलटतपास घेतात, आणि तुमच्या साक्षीतला विश्वासार्ह भाग कोर्ट तरीही वापरू शकतं. म्हणजे आरोपी सुटेलच असं नाही, आणि तुम्ही अडकता. खोट्या साक्षीला सात वर्षांपर्यंत कैद आहे. एखाद्याला फाशीच्या गुन्ह्यात अडकवण्यासाठी खोटं बोललात, तर जन्मठेपेपर्यंत. १९९९ च्या जेसिका लाल खून खटल्यात महत्त्वाचे साक्षीदार उलटले, फेब्रुवारी २००६ मध्ये आरोपी सुटले, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दिल्ली हायकोर्टाने मुख्य आरोपीला दोषी ठरवलं. फितूर झालेल्यांवर कारवाईची पावलंही तिथूनच उचलली गेली.

धमकी येत असेल, तर ती पचवू नका. साक्षीदार संरक्षण योजना २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने मान्य केली. जिल्हा व सत्र न्यायाधीशांच्या समितीकडे अर्ज करता येतो, पोलिसांकडून धोक्याचा अहवाल मागवला जातो आणि त्यानुसार संरक्षण ठरतं. मेसेज, कॉलची वेळ, कोण भेटायला आलं, हे अर्जाला जोडा.

साक्ष संपली की लगेच निघू नका. स्टेनोने टाइप केलेली साक्ष वाचून घ्या. एखादा ‘नाही’ गळालेला असतो, ‘डावा’चा ‘उजवा’ झालेला असतो. न्यायाधीशांना तिथेच सांगा. नंतर अर्ज करत बसण्यापेक्षा ते खूप सोपं. कामावर दाखवायला हजेरीचा दाखला हवा असेल, किंवा प्रवासखर्च मागायचा असेल, तर तेही त्याच दिवशी उरका.