पावसात झाडं पिवळी, मोगऱ्याला फुलं नाहीत, शेवंती रुसलीय? मग या चुका टाळा

जुलै आला की ठरलेला प्रश्न, "अहो एवढा पाऊस पडतोय तरी झाडं पिवळी का पडतायत?" पडतोय म्हणूनच पडतायत! कुंडीच्या तळाची भोकं वर्षभरात माती आणि मुळांनी बुजून जातात, उन्हाळ्यात ते कळत नाही, पण पावसात पाणी आतच साचून मुळं सडतात. मे संपायच्या आत कुंडी आडवी करून जाड खिळ्याने भोकं मोकळी करा, खाली विटांचे तुकडे ठेवा आणि चार महिने ताटल्या चक्क काढून टाका. ताटलीतल्या पाण्यात डेंग्यूचे डास आठ-दहा दिवसांत तयार होतात, ते वेगळंच.

याच्या बरोब्बर उलटी चूक फ्लॅटवाल्यांची. बाहेर धो धो पाऊस म्हणून पाणी घालणं बंद, आणि कुंड्या मात्र वरच्या मजल्याच्या स्लॅबखाली, म्हणजे त्यांच्यावर थेंबसुद्धा पडत नाही, ऐन श्रावणात झाड तहानेने वाळतं. बाहेर बघून ठरवू नका, बोटाची दोन पेरं मातीत खुपसून बघा, ओलं लागलं तर राहू द्या.

उन्हाळ्यात भर दुपारी पानं लोंबली की लगेच पाइप घेऊन धावतात लोक. पाइपात आणि गच्चीवरच्या टाकीत तेव्हा पाणी चांगलंच तापलेलं असतं, ते मुळांवर ओतायचं का? संध्याकाळी पानं आपोआप ताठ झाली तर पाणी पुरेसं आहे, तो फक्त उन्हाचा ताण होता. सकाळी लवकर पाणी घाला. एप्रिल-मेमध्ये कुंडी बदलणं आणि खताचा मारा दोन्ही नको, पाऊस नीट सुरू झाला की करा. सावलीसाठी हिरवी नेट ५० टक्केवाली, म्हणजे निम्मं ऊन अडवणारी, पुरते, पण सगळ्यांवर सरसकट टाकू नका, मोगरा आणि अडेनियमला (जाड बुंध्याचा वाळवंटी गुलाब) ऊनच लागतं.

मोगऱ्याची तक्रार तर घरोघरी, झाड हिरवंगार आणि कळी एक नाही. एकतर सावली, नाहीतर नुसता युरिया, नाहीतर छाटणीच केलेली नसते. जानेवारीअखेर ते फेब्रुवारीत फांद्या छाटून उरलेली पानंही काढा, काही दिवस पाणी कमी करा, मग शेणखत घालून पाणी वाढवा. नवीन फुटव्यालाच कळ्या येतात, त्यामुळे कात्री चालवताना हात आखडू नका.

आता शेवंती, माझा लाडका विषय. हिवाळ्यात नर्सरीतून बहरलेली आणतात आणि फुलं सुकली की कुंडीसकट कचऱ्यात, जीव हळहळतो अगदी. फुलं संपली की तीन-चार इंच ठेवून वरचं सगळं कापा, बुडातून नवीन पिल्लं फुटतात, ती उन्हाळा थोड्या सावलीत काढतात. पावसाळ्यात शेंडे खुडत राहा म्हणजे झाड घेरदार होईल, पण ऑगस्टनंतर खुडणं बंद. एवढं करूनही नोव्हेंबरात नुसती पानंच दिसत असतील तर रात्री कुंडीजवळ उभं राहून बघा, रस्त्यावरचा दिवा किंवा बाल्कनीतली ट्यूब थेट झाडावर पडतेय का. शेवंतीला कळी धरायला लांब, काळोखी रात्र लागते, उजेडात तिला वाटतं दिवस अजून मोठाच आहे. कुंडी कोपऱ्यात सरकवा.

हिवाळ्यात कढीपत्त्याची पानं गळली की लोक घाबरून खत आणि पाणी दोन्ही वाढवतात, गरज नसते, थंडी सरली की फुटतो तो. अडेनियमला तर थंडीत पाणी अगदीच बेताचं. तुळशीच्या मंजिऱ्या मात्र वेळच्या वेळी खुडा, बी धरलं की झाड थकतं. आणि कोथिंबीर कडक उन्हाळ्यात लावून "फुलोराच येतो" म्हणू नका, तिला थंडीच मानवते.

जास्वंदीवर पांढरा कापूस दिसला की तो पिठ्या ढेकूण. लिटरभर पाण्यात चमचाभर कडुनिंबाचं तेल, थोडा लिक्विड सोप, नीट हलवून संध्याकाळीच फवारा, उन्हात मारलं तर पानं करपतात. पानांच्या खालच्या बाजूला मारायला विसरू नका, ते तिथेच लपलेले असतात.

झेंडूचं बी गणपतीत आणून दसऱ्याला फुलांची वाट बघणारे दरवर्षी भेटतात. पेरल्यापासून फुलायला साधारण दोन महिने लागतात, म्हणजे जुलैअखेर बी मातीत हवं, नाहीतर दसऱ्याला फार तर कळ्या दिसतील आणि तोरणाची फुलं मार्केटमधूनच, त्या दिवशीच्या भावाने.