डांबरगोळ्या पेटीच्या तळाशी नकोत
डांबरगोळी म्हणजे नॅप्थलीन. ते वितळायला ८० अंश सेल्सिअस लागतात, पण घरातल्या साध्या हवेतही गोळी न वितळता थेट वाफ होऊन झिजते. ही वाफ हवेपेक्षा जड, म्हणून गोळ्या मलमलच्या पुरचुंडीत बांधून कपड्यांच्या वर ठेवा. झाकण घट्ट हवं. वाफ कोंडली तरच कसर मरते. (उघड्या मोरीत टाकलेल्या गोळ्या मला तरी वाया गेल्यासारख्याच वाटतात.) सोबत कापूर नको, उन्हाळ्यात दोन्ही मिळून पाझरतात आणि शालूवर डाग पडतो.

तान्ह्या बाळाच्या झबल्या-दुपट्यांत मात्र एकही गोळी नको. जी-६-पीडी या विकराची (एन्झाइमची) जन्मजात कमतरता असलेल्या बाळाच्या तांबड्या पेशी या वाफेने फुटतात, कावीळ होते. मोठ्यांचे स्वेटरही घालण्याआधी वाऱ्यावर टाका, वास पूर्ण जाईपर्यंत.